कर्जतच्या बाई आणि फादरांचे मासे

आमचं नवीन चर्च बांधून झालं तेव्हा वेदीमागची भिंत इतकी पांढरी होती की पहिल्याच रविवारी एक वयस्क गृहस्थ बाहेर पडताना मला म्हणाले, "टीचर, बीपी कुठे तपासतात इथे?" कुणीच हसलं नाही, कारण दवाखान्यात बसल्यासारखं सगळ्यांनाच वाटत होतं.

या चर्चला येणारी आम्ही माणसं मूळची इथली नव्हेत. रसायनीच्या कारखान्यांत नोकऱ्या लागल्या म्हणून आलो. कुणी गोव्याचं, कुणी मंगळूरचं, कुणी केरळचं. माझं माहेर वसईकडचं. नवरा कारखान्यात लागला, मी खालापूरच्या शाळेत मराठी शिकवू लागले, आणि दोघं निवृत्त झालो तरी इथेच राहिलो. सगळी समुद्राकाठची माणसं, आणि येऊन पडलो डोंगराच्या पायथ्याशी. फादर केरळातले, मच्छीमाराच्या घरातले. मराठी ते माझ्याकडे शिकले आणि चांगले शिकले, फक्त मराठीतली लिंगं त्यांनी मनापासून कधी मान्य केली नाहीत.

भिंतीचं काय करायचं म्हणून कमिटीची बैठक बसली. कमिटीतल्या गोव्याच्या अंकलचं उत्तर तयार होतं. कुंभिवलीला हायवेवर त्यांच्या भाच्याचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे.

"फ्लेक्स लावू," अंकल म्हणाले. "ओल आली तरी खराब होत नाही. ओल्या फडक्यानं पुसता येतो. आणि खाली कमिटीचे फोटो टाकता येतील."

फादरांनी भिंतीकडे बघितलं. "प्रभूच्या खाली आमची फोटो?"

"लहान टाकू," अंकल म्हणाले.

फादरांना चित्र हवं होतं, हातानं काढलेलं. कुठलं तेही त्यांनी ठरवलेलं होतं. गालीलच्या पाण्यात पेत्र नावाचा कोळी आणि त्याचे सोबती रात्रभर जाळं टाकत होते, एक मासा मिळाला नाही. सकाळी प्रभू येशू म्हणाला, खोल पाण्यात परत टाका. टाकलं, तर इतके मासे आले की जाळी फाटायला लागली. पेत्रानं होडीतच गुडघे टेकले.

"आपल्याकडे सगळे रात्रपाळीवाले आहेत," फादर म्हणाले. "रात्रभर काम करून काही मिळत नाही, हे त्यांना समजेल."

आता काढणार कोण? मी कर्जतच्या एका बाईंचं नाव सुचवलं. चित्रकलेच्या शिक्षिका, माझ्यासारख्याच निवृत्त. शिक्षकांच्या एका संमेलनात त्यांनी रंगमंचामागच्या पडद्यावर समुद्र काढला होता. पाहुणे म्हणून आलेले फादर भाषण झाल्यावर त्या पडद्याच्या मागे जाऊन बघून आले होते. त्यांना तो समुद्र लगेच आठवला.

"पण बाई एवढ्या उंचावर चढणार कशा?" कुणीतरी विचारलं.

"प्रभूची आई मारिया पण बाई होती," फादर म्हणाले. या उत्तराचा शिडीशी काय संबंध ते कुणाला कळलं नाही, पण त्याला विरोध करायची हिंमतही कुणाला झाली नाही. बाईकडे बाईनंच जावं असं ठरलं आणि काम माझ्या गळ्यात पडलं.

बाई दहिवलीत राहतात. बसकं घर, पुढे गाडी लावायची जागा, तुळस, कुंड्या. मिस्टर वकील होते, ते गेले. मुलं पुण्याला. घरात त्या आणि त्यांच्या नव्वदीतल्या सासूबाई, दोघीच. बाई ठेंगण्या, केस आखूड कापलेले, ओढणीच्या टोकाला कायम कुठला ना कुठला रंग. मी शुभवर्तमानाचं पुस्तक नेलं होतं, त्यातला उतारा वाचून दाखवला. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. सासूबाई खुर्चीत बसून ऐकत होत्या की झोपल्या होत्या ते सांगता येत नव्हतं.

"सकाळ आहे म्हणता," बाई म्हणाल्या. "उजेड कुठून येतोय?"

"पूर्वेकडून असावा."

"असावा नको, बाई. विचारून सांगा."

मी तिथूनच फादरांना फोन लावला. फादर म्हणाले, गालील मी बघितला नाही, पण आपल्या चर्चची खिडकी उजवीकडे आहे, तर उजेड उजवीकडून येऊ दे. बाईंना हे फार पटलं. "हा माणूस चित्रातलं जाणतो," त्या म्हणाल्या, आणि काम घेतलं. घरीच कापडावर काढीन, देवाच्या कामाचे पैसे घेत नाही, रंग तेवढे आणून द्या, असंही म्हणाल्या.

पंधरवड्यानं त्यांनी कच्चं चित्र दाखवायला बोलावलं. पाणी असं काढलं होतं की मला माहेर आठवलं. होडी, दोर, गुडघे टेकलेला पेत्र, त्याच्या पायांचे थकलेले तळवेसुद्धा. प्रभूचा चेहरा शांत. मग माझी नजर खाली जाळ्यात गेली.

सगळे मासे माझ्याकडे बघून हसत होते. आणि प्रत्येकाच्या डोळ्याला लांब, वर वळलेल्या पापण्या होत्या.

 मी त्या चित्राचा फोटो काढला आणि आले. रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर कमिटीला दाखवला. फोन हातोहात फिरला.

"हे मासे लग्नाला निघालेत," गोव्याचे अंकल म्हणाले.

मंगळूरच्या बाई म्हणाल्या, "पापण्या जाऊ देत. पण हा मासा आहे कुठला? बांगडा नाही, तारली नाही."

इथून पुढे बैठक हाताबाहेर गेली. बांगडाच पाहिजे, असं मंगळूर आणि गोवा यांचं क्षणभर एकमत झालं, पण तो किती मोठा असावा यावर मोडलं. फादर अगदी हळू आवाजात म्हणाले की आमच्या गावी करीमीन नावाची मासा असते, एक कोपऱ्यात आली तरी चालेल. कुणीतरी शंका काढली की गालील हे सरोवर, म्हणजे गोड्या पाण्याचं. मग खरं तर रोहू-कटला पाहिजेत. यावर सगळी खोली एक झाली. धरणातला मासा आम्ही वेदीमागे बघणार नाही! मी शिकलेली बाई, मी हे थांबवायला हवं होतं. पण मी म्हणाले, "बोंबील कसे विसरलात?"

अंकल म्हणाले, "टीचर, बोंबलासाठी जाळं फाटेल का?"

मला ते फार लागलं.

तर बाईंना सांगायचं होतं की तुमचे मासे चुकलेत. मी कर्जतला गेले आणि आडवळणानं सांगायला सुरुवात केली, पण त्या शिक्षिकाच. त्यांनी मध्येच तोडलं.

"मासे जमले नाहीत ना? मला माहीत होतं. बाई, मी आयुष्यात अख्खा मासा बघितलेला नाही. बाजारात त्या बाजूचा रस्ता आला की मी ओढणी नाकाला लावून पलीकडून जाते. लहानपणी गोष्टीच्या पुस्तकात एक मासा होता, तोच काढला."

"फोनवर फोटो बघायचे."

"बघितले. फोनमधले मासे तळलेले असतात. वर कांदा-लिंबू असतं." मग त्या ताठ झाल्या. "आणि सगळं आयुष्य मी मुलांना सांगितलं की छापलेल्यावरून काढू नका, वस्तू समोर ठेवून काढा. मला मासा समोर पाहिजे."

आतून सासूबाईंचा आवाज आला. "समोर कुठे? या घरात नाही हं."

"नाही, आई."

"अंगणातही नाही."

त्या जाग्या होत्या तर.

म्हणजे मासा बाईंकडे जाणार नव्हता, तर बाईंनाच माशाकडे जायला हवं होतं. खालापूरला माझा नेहमीचा मासेवाला आहे. त्याचं घराणं मूळचं किनाऱ्यावरचं, कोकणी मुसलमान. वडिलांनी इथे दुकान टाकलं, आता हा चालवतो. डोळ्यावर गॉगल, अंगाला अत्तर, हातात दोन फोन. बर्फ फोडायलासुद्धा त्यानं माणूस ठेवलाय. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आणा की बाईंना. पन माझी सुरमई फुडं काढायची. आख्ख्या बाजारात अशी सुरमई नाय."

मे महिना होता. बाई भाड्याच्या गाडीतून आल्या. गाडी त्यानं दुकानासमोरच उभी करायला लावली. काचा वर, एसी चालू, बाईंच्या नाकाला ओव्याची पुरचुंडी बांधलेला रुमाल, मांडीवर वही. मी त्यांच्या शेजारी बसले होते. बाहेर मासेवाला एकेक मासा दोन्ही हातांनी उचलून काचेसमोर धरायचा. उजवी बाजू, डावी बाजू, मग तोंड वर करून. मुलगी दाखवायला आणावी तसं चाललं होतं. बाई आतून बोटानं खूण करायच्या, की तो मासा फिरवायचा. ड्रायव्हर बिचारा समोर बघत बसला होता.

पाचेक मिनिटांत गर्दी जमली. आणि मग मला दिसलं की रस्त्याच्या कडेला बसलेल्या मासेवाल्या बाया टोपल्यांवर प्लॅस्टिक ओढून उठायला लागल्यात. एकीनं तर टोपली डोक्यावर घेऊन चालायलाच सुरुवात केली. मी काच खाली करून विचारलं, "काय झालं गं?"

"तपासनीवाल्या मॅडम आल्यात ना," ती चालता चालता म्हणाली. "गाडीतनं लिवून घेतायत."

"अगं, त्या चित्र काढतायत!"

"आमचं नको काडाया सांगा," ती म्हणाली, आणि पळाली.

घटकेभरात अर्धा बाजार उठला. राहिला फक्त आमचा मासेवाला, हातात सुरमई धरून, फोटो काढून घेतल्यासारखा. उन्हानं बर्फ वितळून त्याच्या कोपरांवरून पाणी ओघळत होतं. इकडे बाई मात्र रंगात आल्या होत्या. "काचेत माझाच चेहरा दिसतो," असं म्हणून त्यांनी काच थोडी खाली केली. मग अर्धी. मग सगळी. वास आत आला तशी ड्रायव्हरनं दार उघडलं आणि तो चहाच्या टपरीवर गेला. बाईंनी नाकावरचा रुमाल सैल केला आणि वहीवरून नजर न काढता म्हणाल्या, "पापणी नाहीच का याला? मग डोळा मिटतो कसा?"

"मिटतच नाय," मासेवाला म्हणाला.

"झोपतो कसा?"

"ते मला काय म्हाईत. मी कदी समुद्रात ग्येलोच नाय. होडीत मला उलटी व्हते."

बाई गाडीतून उतरल्या. चक्क बर्फाच्या खोक्यापाशी जाऊन वाकल्या. बांगड्याच्या पाठीवरच्या निळ्या-हिरव्या रेघा बघून त्यांच्या तोंडून "अगंबाई" निघालं. पेन्सिलीच्या मागच्या टोकानं त्यांनी एका पापलेटला हळूच ढोसलं, मग इकडेतिकडे बघून बोटानं हात लावला. "गार आहे," असं मला सांगितलं, जणू मला माहीतच नव्हतं.

मासेवाल्याला चित्र बघायचं होतं. कच्च्या चित्राची गुंडाळी बाईंनी बरोबर आणली होती. मी ती उलगडायला लागले तर तो एकदम मागे सरला.

"टीचर, वरची बाजू झाका. आमी नबींची, म्हंजे पैगंबरांची, तसवीर बघत नाय. तुमचे येशू, त्ये आमचेपन नबी. मी खालचंच बघतो."

मी माझी ओढणी काढून वरच्या अर्ध्या भागावर घातली. तो गॉगल कपाळावर सरकवून जाळ्यावर वाकला आणि बराच वेळ बघत राहिला.

"बाई, हे हसतात कशाला?"

"आनंदात आहेत," बाई म्हणाल्या. "चमत्कार झालाय ना."

"चमत्कार मानसांसाटी झाला. मासा तर धरला गेला."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तिथेच दुकानाच्या पायरीवर बसून खोडरबर काढलं. एकेका माशाचं हसू पुसलं. पापण्या पुसल्या. मासेवाला वरून सांगत होता की सुरमई अजून मोठी करा, अजून मोठी, आणि बाई त्याला सांगत होत्या की तेवढी केली तर पेत्र कुठे बसवू?

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर सासूबाईंनी त्यांना मागच्या दारानं घेतलं, डोक्यावरून आंघोळ करायला लावली, आणि ती वहीसुद्धा आत येऊ दिली नाही. "चित्रातला असला तरी मासाच," त्यांचं म्हणणं. वही गाडीच्या जागेत, कपड्यांच्या दोरीला चिमटे लावून टांगली गेली. चित्राचं मोठं कापडही तिथेच ताणलं. बाईंनी तक्रार केली नाही. त्या आधी आकाश, मग पाणी, मग माणसं, अशा क्रमानं रंगवत गेल्या, आणि मासे शेवटी ठेवले.

दिवस ठरला होता. ऑगस्टमध्ये बिशप येणार आणि चित्राला आशीर्वाद देणार. सगळं वेळेत चाललं होतं, आणि एके दुपारी बाईंचा फोन आला. आवाज पडलेला.

"बाई, श्रावण लागतोय."

"मग?"

"आई म्हणतात, श्रावणात या घरात मासा रंगवायचा नाही."

मी दुसऱ्या दिवशी गेले. पावसाची झड चालू होती. गाडीच्या जागेत ते कापड उभं होतं, आणि चित्र सुंदर झालं होतं, पण जाळ्यात मासेच नव्हते. माशांच्या आकाराच्या कोऱ्या पांढऱ्या जागा होत्या, खच्चून भरलेल्या. होडीतले सगळे जण त्या पांढऱ्या भोकांकडे आ वासून बघत होते आणि पेत्र त्यांच्यापुढे गुडघे टेकून रडत होता. मी फोटो फादरांना पाठवला. लगेच फोन आला.

"मासा कुठे गेली?"

"फादर, श्रावण आहे."

"गालीलमध्ये श्रावण नाही!"

"कर्जतला आहे."

 मग फादर म्हणाले, "आमच्या उपवासात मासे चालतात. यांच्या उपवासात चित्रातला पण नाही?" आणि मग आदरानं म्हणाले, "हे लोक फार कडक आहे."

मी सासूबाईंपाशी जाऊन बसले. वाद घालायला नाही. नव्वदीतल्या बाईशी श्रावणावरून मी काय वाद घालणार? पण त्यांनीच विचारलं, "मला सांग, त्या एवढ्या माशांचं पुढे झालं काय? टाकून दिले?"

तिथे तर पुस्तकात लिहिलंय की माणसं सगळं तिथेच सोडून प्रभूच्या मागे गेली. माशांचं काहीच नाही. पण हे सांगायला मला जिवावर आलं. मग मला दुसरी गोष्ट आठवली. प्रभू मरून उठल्यावरची. तेव्हाही ती माणसं अशीच रात्रभर रिकाम्या हातानं राबली होती, तेव्हाही सकाळी जाळं भरलं. आणि ती काठावर आली तर प्रभूनं विस्तव पेटवून ठेवला होता. त्यावर मासे आणि भाकरी. "या, न्याहारी करा," म्हणाला.

सासूबाई खुर्चीत पुढे सरकल्या.

"कुणी रांधलं?"

"त्यानंच."

"देवानं?"

"हो."

"बायका नव्हत्या तिथे?"

"नव्हत्या, आजी. त्यानंच विस्तव केला, त्यानंच भाजलं, आणि त्यानंच वाढलं."

त्यांनी खुर्चीच्या हातावर हात आपटला. "ऐकलंस का गं?" त्या सुनेला म्हणाल्या. "मी तेराव्या वर्षी या घरात आले. जन्मभर देवाला नैवेद्य केला. कुळाचार केला, सवाष्णी जेवू घातल्या. एका देवानं कधी विचारलं नाही, की तू जेवलीस का. आणि यांचा देव चूल पेटवून बसलाय." मग पुष्कळ वेळ त्या पावसाकडे बघत होत्या. आम्हा दोघींना वाटलं, झोप लागली.

"रंगव," त्या म्हणाल्या.

"आई, श्रावण..."

"देवानं भाजले ना? मग तो प्रसाद. प्रसादाला कसला आलाय श्रावण? फक्त सोवळ्यात रंगव."

फादरांना मी फोनवर हे सगळं सांगायला गेले, पण सोवळं म्हणजे काय हे समजावण्यातच माझा बॅलन्स संपला. खरोखर असं झालं की पुढचे दहा-बारा दिवस कर्जतच्या त्या बाई रोज सकाळी आंघोळ करून, रेशमी सोवळं नेसून, तोंडात पाण्याचा थेंब न घेता सुरमया आणि बांगडे रंगवत होत्या. तिथे कुणाचा स्पर्श होऊ द्यायचा नव्हता, म्हणून मी लांब उंबऱ्यापाशी बसायचे. एकदा दूधवाला आत डोकावला आणि "कसली पूजा हाय?" म्हणून हात जोडून गेला.

चित्र पूर्ण झालं तर आणायचं कसं हा प्रश्न आला. पाऊस थांबत नव्हता. एवढं मोठं कापड लाकडी चौकटीसकट बसेल आणि वरून बंद असेल, असा टेंपो पाहिजे होता. असा टेंपो आमच्या ओळखीत एकाचाच होता. श्रावणामुळे मासेवाल्याचा धंदा निम्म्यावर आला होता आणि बर्फाचा बंद टेंपो दुकानामागे उभाच होता.

"धुऊन आनतो," तो म्हणाला. "वास येनार नाय."

त्यानं खरंच धुतला. साबणानं, मग फिनेलनं. तरी मनासारखं होईना म्हणून आत अख्खी अत्तराची बाटली शिंपडली. मग चित्र आलं. आम्ही प्रभूच्या बाजूला चादर गुंडाळली होती, म्हणजे त्यानंही हात लावायला हरकत नव्हती. कर्जत-चौक रस्त्यावर खड्डे चुकवत, हळूहळू, बंद टेंपोत, ते ओलसर कापड येईपर्यंत दुपार झाली.

संध्याकाळी चित्र भिंतीवर चढलं तेव्हा कुणाला काही जाणवलं नाही. रात्रभर दारं-खिडक्या बंद. सकाळी आशीर्वादाच्या मिस्सासाठी चर्च उघडलं आणि पहिला आत गेलेला माणूस तसाच बाहेर आला.

वास होता. मासळीबाजाराचा, आणि त्यावर गुलाबाचा.

वेळ नव्हता. बिशपांची गाडी येऊन उभी होती. फादरांनी धूप वाढवला. मग अजून वाढवला. बिशप आत आले तेव्हा अर्धं चर्च खोकत होतं आणि चित्र धुरात दिसत नव्हतं. हळूहळू धूर विरला, आणि उजवीकडच्या खिडकीतून उजेड नेमका चित्रातल्या उजेडावर आला. लोकांचा खोकला थांबला. माझ्या शेजारच्या मंगळूरच्या बाईंनी माझा हात घट्ट धरला. "टीचर," त्या कुजबुजल्या, "किती जिवंत काढलेत! वाससुद्धा येतोय."

तेवढ्यात दारातून पहिलं मांजर आलं.

ते मधल्या वाटेनं, कुणाकडे न बघता, शिस्तीत चालत गेलं आणि वेदीच्या पायरीपाशी बसून वर बघायला लागलं. मग दुसरं आलं. मग एक पिवळं, त्याच्यामागे दोन पिल्लं. रस्त्याच्या पलीकडच्या खानावळीतली सगळी मांजरं असावीत. बिशप प्रवचनात सांगत होते की देवाच्या हाकेला ओ देणारे कोण आणि कुठून येतील हे आपल्याला माहीत नसतं. अंकलनी एका मांजराला शुक् शुक् केलं तर त्यानं मागे वळून असं बघितलं की अंकल खाली बसले.

बिशप भला माणूस. त्यांनी चित्रावर तीर्थ शिंपडलं, थोडं मांजरांवर पडलं, ती हलली नाहीत.

या सगळ्यात मी विसरले होते की बाई आणि सासूबाईही आल्या आहेत. पहिल्या रांगेत, सासूबाई चाकाच्या खुर्चीत. मिस्सा संपला, लोक उठायला लागले आणि त्यांचा आवाज घुमला.

"चूल कुठाय?"

बाई लाल झाल्या. "आई, हळू."

"हळू काय? ही म्हणाली देवानं रांधलं. चूल दिसत नाही कुठे."

फादर पुढे आले आणि खाली वाकून त्यांना समजावू लागले, की आजी, ते दोन वेगळे प्रसंग आहे. ही पहिली आहे. चूल नंतरच्या प्रसंगात येते, प्रभू मरून उठल्यावर. मध्ये पुष्कळ दिवस गेले.

"मासे तेच ना?"

"नाही, आजी. मासे वेगळी."

"देव तोच ना?"

फादर बिशपांकडे बघायला लागले. बिशप चित्राकडे बघत होते. "कोपऱ्यात जागा आहे," बिशप म्हणाले.

जागा खरोखर होती, डावीकडे खाली, जिथे किनाऱ्याची रेती दिसते. पुढच्या आठवड्यात बाई रंग घेऊन आल्या. शिडी लागली नाही, खुर्चीवर उभं राहून भागलं. त्यांनी तीन दगड काढले, त्यांच्यामध्ये विस्तव, आणि अगदी बारीक धुराची रेघ. काळवंडलेले दगड थेट आमच्या इथल्या ठाकरवाडीतल्या चुलीसारखे झालेत. फादर म्हणाले, गालीललाही दगड असेच असतील, त्याला काय?

मासे बाईंनी त्या दिवशी बाजारात बघितले तेवढेच काढले. सुरमई आहे, बांगडे आहेत, पापलेट आहेत. बोंबील नाही, काचेसमोर धरला की तो लोंबायचा, त्याला आकारच येईना, असं बाईंनी मला नंतर समजावून सांगितलं. फादर मात्र एका पापलेटपुढे बराच वेळ उभे राहतात. करीमीनच आहे ती, फक्त कर्जतची, असं त्यांनी ठरवून टाकलंय. दिवाळीपर्यंत वास गेला आणि मांजरांनी येणं सोडलं.

मासेवाला अर्थातच गप्प बसला नाही. त्याला दुकानासाठी सुरमई पाहिजे होती, मनासारखी मोठी. बाई आता रिक्षानं येतात, बाजारात स्टूल टाकून बसतात आणि त्या मासेवाल्या बायांशी त्यांची चांगली गट्टी जमली आहे. सुरमई त्यांनी दुकानाच्या शटरवर काढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. रंगवून झाल्यावर मासेवाल्यानं शटर वर केलं, आणि त्याच्या लक्षात आलं की दुकान उघडलं की मासा गुंडाळून वर जातो. दुकान बंद असलं तरच तो दिसतो.

आता तो दुपारी गिऱ्हाइकाच्या वेळेलाच शटर खाली ओढतो आणि बाहेर खुर्ची टाकून बसतो. कुणी मासे मागितले तर म्हणतो, "थांबा जरा. आदी हे बगा."